माडावर चढायच्या मशीनला सेफ्टी अटॅचमेंट - वर्कशॉपमध्ये करून घ्यायचंय, डिझाइन तपासून द्या

नारळीपाक
मंडळी, गाव कुडाळ तालुक्यात, वाडीत जुने बाणवली माड आहेत, बरेचसे पन्नास-साठ फुटांच्या वर गेलेत. चढणारा माणूस पंचक्रोशीत एकच उरलाय आणि तो फोन उचलेल तेव्हा खरा. दीड-दोन महिन्यांनी नारळ काढायला हवेत ते चार चार महिने वरच राहतात, मग सुके होऊन आपोआप पडतात आणि खालून जायची भीती. म्हणून शेवटी चेंबेरी मॉडेलचं मशीन आणलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, डावा-उजवा असे दोन सुटे सांगाडे असतात, प्रत्येकाला पाय ठेवायची पट्टी, वर हँडल, आणि खोडाभोवती वायर रोपचा वेढा. पायावर वजन दिलं की वेढा आवळतो, पाय उचलून हँडल वर ओढलं की ढिला होऊन सरकतो. उभ्याउभ्या जिना चढल्यासारखं वर जाता येतं, सवय झाली की दमही लागत नाही.

प्रॉब्लेम शेंड्याला येतो. तिथे एका हाताने हँडल किंवा झावळीचा देठ धरायचा, दुसऱ्या हातात कोयता, आणि पेंडीच्या मागे वाकायचं. पाय पट्टीतून निसटला तर मशीन माडावर आणि माणूस खाली.

तर मी असा विचार केलाय की मशीनशी संबंध नसलेला तिसरा वेढा करायचा. ८ मिमी वायर रोप, खोडाला टेकायला वाकवलेली ५ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, आतून दात पाडलेले म्हणजे पकड येईल, प्लेटला एक कॅम (ओढ बसली की फिरून आवळणारा तुकडा), कॅमला हुक आणि हुक कंबरपट्ट्याला. पट्टा आणि हुक दोन्ही इथेच करणार. हुक १० मिमी सळी वाकवून, वर स्प्रिंगची पट्टी. बाहेरचं इम्पोर्टेड सामान बघितलं, किमती बघून घेरी आली, शिवाय ते सगळं फांद्या असलेल्या झाडांसाठी, आपल्या सरळसोट माडाचा त्यात विचारच नाही. लेझर कटिंग कोल्हापूरहून होईल, वेल्डिंग एमआयडीसीत. मटेरियल कुठलं घ्यावं, वेल्ड की बोल्ट, आणि टेस्ट कशी करावी एवढं सांगा.

टिंगलखोर
आमच्या वाडीत माकडांची टोळी हे काम फुकट करते. फक्त शहाळी खाली टाकायच्या ऐवजी वरच पितात.

कोकणचो_झील
मशीन बरा आसा, पण पावसात माड शेवाळान निसरडो जाता तेवा तुझो वेढो खयं धरतलो? माझो आजो खाचे मारून चढायचो, पायात सुंभाचा कडा घालून. त्येका कसली सेफ्टी आणि कसला काय.

दोरखंड
@कोकणचो_झील, आजोबा चढले त्यांना दंडवत. पण जे पडले त्यांचे नातू इथे लिहायला येत नाहीत ना, म्हणून आपल्याला फक्त न पडलेल्यांच्याच गोष्टी ऐकू येतात.

@नारळीपाक, तिसरा वेढा स्वतंत्र ठेवायची कल्पना एकदम बरोबर. बाकी बऱ्याच गोष्टींवर हरकत आहे. मी डोंगरातला दोरवाला, झाडावरचा नाही, पण पडण्याचं गणित सगळीकडे सारखंच. ७५ किलोचा माणूस १ मीटर मोकळा पडला आणि स्टीलच्या वायरने त्याला ५ सेंमीत थांबवलं तर सरासरी जोर निघतो १५ किलोन्यूटनच्या वर, म्हणजे दीड टन. तोच माणूस शिवण उसवत लांबणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरने ४० सेंमीत थांबवला तर अडीच किलोन्यूटनच्या आसपास. फरक बघा. युरोपियन स्टँडर्डमध्ये अ‍ॅब्सॉर्बरने माणसावर ६ किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर येऊ द्यायचा नाही असा नियम आहे, आणि तोही फुल बॉडी हार्नेस घातलेल्या माणसासाठी. तुमचा कंबरपट्टा धरला तर पट्टा टिकेल, वायर टिकेल, कणा टिकेल का ते माहीत नाही.

वायर रोप जवळजवळ ताणलीच जात नाही, तिच्या थेट टोकाला माणूस बांधू नये. मध्ये काहीतरी 'देणारं' हवंच.

हिशोबनीस
हुकाचा हिशोब मी करतो, ऑफिसात आज काम नाहीये.

१० मिमी गोल सळी, साधं एमएस, यील्ड (म्हणजे सळी कायमची वाकायला लागते तो ताण) २५० मेगापास्कल धरू. हुकाचा आतला व्यास ४ सेंमी धरला तर जोराची रेषा सळीच्या मध्यापासून २५ मिमी लांब जाते. वाकण्याचा हिशोब केला तर १०० किलोच्या आसपास सळी यील्ड व्हायला सुरुवात आणि पावणेदोनशेच्या आत हुक उघडून सरळ. पडलेल्या माणसाचं जाऊ दे, एखादा धट्टाकट्टा माणूस नुसता हिसका देऊन लोंबकळला तरी हा हुक तोंड उघडेल. डोंगरातले दोरवाले वापरतात ते कॅरॅबिनर, म्हणजे उघडझाप होणारं गेट असलेली कडी, ईएन ३६२ ह्या युरोपियन स्टँडर्डप्रमाणे लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटनला टेस्ट होतात. दोन टन. कुठे पावणेदोनशे किलो!

कॅरॅबिनरचं तोंड बंद असतं, गेट लागलं की कडं पूर्ण होतं आणि जोर मुख्यतः कण्यातून जातो, म्हणून एवढ्याशा वस्तूला एवढी ताकद. उघड्या हुकाला तेवढं आणायचं तर क्रेनचा हुक कंबरेला लावावा लागेल.

टिंगलखोर
क्रेनचा हुक लावला तर मग क्रेनच बोलवा की. नारळ काढून होतील आणि सांगाड्याचा खर्च वाचेल.

नारळीपाक
@हिशोबनीस, एवढा कमी? मी सळीचं नुसतं ताणाचं गणित केलं होतं, त्यात ती दोन टनाच्या जवळ जात होती. ठीक, हुक बाद, कॅरॅबिनर विकत घेतो.

पण @दोरखंड, तुमच्या १ मीटरला माझी हरकत आहे. मी मोकळा १ मीटर पडणारच नाही. वेढा पोटाच्या वर ठेवायचा आणि मधली दोरी इतकी आखूड की जेमतेम वीतभर ढील. मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर हवाच कशाला? तो फाटायला लागणारी जागा आणि वजन, वर शेंड्यात झावळ्यांत अडकणार ते वेगळंच.

दोरखंड
हो, हे म्हणणं रास्त आहे. ढील वीतभर आणि वेढा कायम कंबरेच्या वर असेल तर पडणं नावालाच. अट एकच, वेढा जागच्या जागी धरला पाहिजे. तो घसरला तर वेढा आणि तुम्ही दोघे मिळून खाली येत राहणार, वेग वाढत जाणार, आणि मग मध्येच कुठेतरी त्याने पकडलं की वरचं सगळं गणित परत लागू.

आर्गॉन
वर्कशॉप आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे असली कामं येतात, गिऱ्हाईक म्हणतं 'मजबूत मारा वेल्डिंग'. मजबूत म्हणजे काय हे कोणालाच माहीत नसतं. वरून माळ सुंदर दिसते आणि आत मुरलेलीच नसते, किंवा सुरुवात-शेवटाला भोकं राहतात, ते डोळ्याने कळत नाही. आणि जिथे वेल्ड संपतं तिथूनच पुढे चीर जाते, विशेषतः वजन येतंय जातंय येतंय जातंय अशा कामात, आणि चढायचं मशीन म्हणजे प्रत्येक पावलाला तेच.

त्यामुळे माझा सल्ला, जीव ज्याच्यावर लटकणार त्या वाटेत वेल्ड येऊच देऊ नका. प्लेट एकाच पत्र्यातून लेझर कट करा, जाडी वाढवा, भोकं पाडा, बोल्ट टाका. बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातला डोकं कोरं असलेला घेऊ नका, डोक्यावर ८.८ लिहिलेला घ्या. एम ८ चा ४.६ ग्रेडचा बोल्ट कातरायला ९०० किलो पुरतात, तोच ८.८ चा असला तर पावणेदोन टन. फरक पाच-दहा रुपयांचा. १०.९, १२.९ च्या मागे लागू नका, त्यांना झिंक प्लेटिंग करताना हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट काही दिवसांनी काहीही न सांगता तुटतो. आणि नट नायलॉकच, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप सैल न होणारा.

कोणी अ‍ॅल्युमिनियम सुचवेल हलकं म्हणून. त्यातला ६०६१ टी६ हा ग्रेड चांगलाच आहे, पण त्याला वेल्ड केलं की वेल्डच्या बाजूचा भाग मऊ पडतो, जवळपास निम्मी ताकद जाते. मशीनिंग करून वापरायचं तर वापरा, वेल्डिंग नको.

सातासमुद्रापार
धागा बघून राहवलं नाही. मी ब्रिस्टलजवळ झाडकामाच्या कंपनीत आहे, मूळचा चिपळूणचा. घरी अजून सांगितलेलं नाही की मुलगा इंग्लंडात जाऊन झाडावर चढतो, त्यांना वाटतं 'एन्व्हायर्नमेंट'मध्ये आहे :)

नारळीपाक यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. आज आम्ही जे महागडं सामान वापरतो त्यातलं बरंचसं चढणाऱ्या लोकांनीच आधी घरी बनवलंय. एका दोरीवर चढता-उतरता यावं म्हणून केव्हिन बिंगहॅम नावाच्या अमेरिकन क्लाइंबरने रोप रेंच केलं, नंतर वेल्सच्या कंपनीने ते बनवायला घेतलं. त्याची गंमत अशी की ते दोरीला फक्त थोडं वाकवतं आणि घर्षणाचा भार वाटून घेतं. माणूस लटकतो दोरीच्या गाठीवरच. म्हणजे रेंच निकामी झालं तरी गाठ धरते. घरी काही बनवायचं तर ते असं असावं असं मला वाटतं, तुमची वस्तू तुटली तर काम अडावं, माणूस पडू नये.

उलट बाजूही सांगतो. पेट्झलसारख्या चढाईचं सामान बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने सुद्धा २०१३ मध्ये झिगझॅग नावाचं झाडावरचं उपकरण परत मागवलं होतं, चिरा आढळल्या म्हणून. त्यांच्याकडे लॅब, मशीन, माणसं सगळं आहे, तरी. आपण एमआयडीसीत एक नग करून माडावर चढणार असू तर त्या नगावर किती भरवसा टाकायचा ते ठरवा.

इथे माणूस लटकणारं सगळं सामान दर ६ महिन्यांनी तपासून नोंद ठेवावी लागते, कायदाच आहे. कॅरॅबिनर पण स्क्रूवाला नाही चालत, तीन हालचाली केल्याशिवाय न उघडणारा लागतो, कारण दोरी आणि फांदी घासून स्क्रू आपोआप फिरतो. झावळीच्या देठाने पण फिरेल.

रानजाई
इथे सगळे पुरुष मशीनचं बोलताहेत म्हणून एक वेगळा मुद्दा. मी गोव्यातल्या फोंड्याची. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' म्हणून प्रशिक्षण चालू केलं, ह्याच चेंबेरी मशीनवर, त्यात बायकाही शिकल्या. नंतर आमच्याकडेही अशी प्रशिक्षणं झाली, त्यात मी शिकले. गावात पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही ही बोंब गोव्यातही तीच आहे.

सेफ्टीचा पट्टा आम्हाला दिला तो एका मापाचा. बारीक बाईला तो कंबरेवरून वर सरकतो आणि बरगड्यांत बसतो, पडायची गरजच नाही, नुसतं मागे टेकून बसलं तरी श्वास अडकतो. मांड्यांना पट्टे असलेला हार्नेस घातला तर निवांत दोन्ही हात सोडून काम करता येतं. तेव्हा @नारळीपाक, पट्टा घरी शिवायचा विचार डोक्यातून काढाच. फॅक्टरीत वापरतात तो आयएस ३५२१ चा फुल बॉडी हार्नेस कुठल्याही सेफ्टीच्या दुकानात मिळतो आणि तो परवडतो. इम्पोर्टेड नको असेल तर नको.

आणि कासरगोडच्या सीपीसीआरआयने (नारळावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था) ह्या मशीनला सेफ्टी अटॅचमेंट आधीच केलेली आहे. चाक परत शोधायच्या आधी ती एकदा बघून तरी या, आमच्याकडे जुन्या गोव्याला किंवा तुमच्याकडे रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात विचारा.

नारळीपाक
@रानजाई, धन्यवाद, ती बघितली आहे फोटोत. प्रत्यक्ष बघायला जातो. हार्नेस विकत घ्यायचं पटलं.

@सातासमुद्रापार, घरी सांगा हो, आता इथे लिहिलंत म्हणजे चिपळूणला कळलंच.

भाऊसाहेब
एवढा ऊहापोह कशासाठी कळत नाही. हजारो लोक आजही नुसत्या पायातल्या कड्यावर चढतात. ज्याला भीती वाटते त्याने चढू नये. शहरातून गावी आलेल्यांची ही नवीन फॅडं. एवढा खर्च करून नारळ किती रुपयाला पडणार?

डॉ_पित्तशामक
@भाऊसाहेब, सिंधुदुर्गात काही काळ नोकरी केली आहे. झाडावरून पडलेले पेशंट आंब्याच्या आणि काजूच्या सीझनला यायचे आणि माडावरचे बारा महिने. त्यातले बरेच जण कामाला येणारे मजूर, पस्तिशी-चाळिशीचे, पाठीचा कणा गेला की कमरेखाली सगळं संपतं, आणि घरात कमावणारा तोच. नारळाचा भाव त्यात कुठे धरायचा तुम्हीच सांगा.

धाग्याच्या विषयावर एक गोष्ट कोणीच बोललं नाही. समजा सगळं हार्डवेअर टिकलं, माणूस पडला आणि हार्नेसमध्ये लटकला. आता? पन्नास फुटांवर, डोकं आपटलेलं, बेशुद्ध. हार्नेसमध्ये हालचाल न करता लोंबकळत राहिलं तर पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांतच धोका सुरू होतो. अग्निशमन दल कुडाळहून तुमच्या वाडीत यायला किती वेळ लागेल? त्याला खाली कोण आणि कसं आणणार हे चढायच्या आधी ठरलेलं हवं. एकट्याने वाडीत जाऊन चढू नका, हे तर सांगायलाही नको.

कोकणचो_झील
डाक्टर बराबर बोलले. आमच्या वाडयेत एकलोच वर गेल्लो, वर मुंग्यो चावल्यो आणि हात सुटलो. वाचलो, खाली चिखल होतो म्हणान.

मीटरबॉक्स
रिटायर्ड वायरमन. दोरखंड यांच्या घसरण्याच्या मुद्द्यावर येतो कारण ह्या धाग्याचा खरा गाभा तोच आहे, हुक-बिक नंतर.

आमच्याकडे सिमेंटचे नाहीतर लोखंडी खांब, पण अमेरिकेत अजून लाकडी खांब खूप आहेत. तिथे लाइनमन वर्षानुवर्षं कंबरेचा पट्टा खांबाभोवती टाकून चढायचे, पाय सुटला की पट्ट्यासकट सर्रकन खाली. तिथल्या सरकारने नियम बदलला आणि २०१५ पासून खांबावर चढताना पडणं थांबवणारी व्यवस्था सक्तीची केली. त्यासाठी 'बकस्क्वीझ' सारखे पट्टे आले. पट्टा खांबाभोवती बाहेरून जातो आणि आत एक दुसरी पट्टी असते, तुमचं वजन मागे पडलं की दोन्ही मिळून खांबाला चिमटा घेतात. जेवढं जास्त लटकाल तेवढं जास्त आवळतं. पाय टाकून परत उभे राहिलात की ढिला. कॅम नको, दात नको. माड म्हणजे लाकडी खांबच आहे की, वर थोडा बारीक होत गेलेला. माझ्या मते तुमच्या प्लेटपेक्षा ही कल्पना चांगली.

आर्गॉन
दातांवरून आठवलं, खोडाला दात लावले तर माडाला त्रास होत नाही का? आमच्याकडे मागे एकाने खिळ्यांचे बूट करून घेतले होते माडावर चढायला.

रानजाई
होतो! आंबा-फणसाला जखम झाली की साल भरून येते. माड हा गवतासारखा एकदल, त्याला सालीखाली वाढणारा तो थरच नसतो, त्यामुळे खोडाची जखम कधीच भरत नाही, आयुष्यभर तशीच राहते. त्यातून रस गळत राहतो आणि सोंड्या भुंगा त्या वासावर येतो, तो एकदा आत शिरला की माड गेलाच म्हणून समजा. दात पाडलेली प्लेट पावसातही घट्ट धरेल, मान्य, पण दर दोन महिन्यांनी त्याच माडाला खालपासून वरपर्यंत ओरबाडणार तुम्ही. खिळ्यांचे बूट तर नकोच नको. जुन्या खाच्यांचीही तीच गत आहे @कोकणचो_झील, आजोबांना सांगू नका.

कोकणचो_झील
आजो नाय आता. तो सांगी खाचो तिरपो मारूचो, पाणी रवता नये. तेवढा त्येका कळत होता.

रानजाई
मग आजोबांना बरंच कळत होतं.

पोफळकर
जरा विषयांतर. आमची पोफळीची बाग, शिरसीकडे पाहुणे आहेत त्यांच्याकडे आता कार्बन फायबरची दोटी आलीये, लांबच लांब काठी, जमिनीवर उभं राहून साठ-सत्तर फुटांवरचा घड कापायचा आणि औषध फवारायचं. महाग आहे पण तिथे सरकारी मदत मिळाली. पोफळीला मशीनपेक्षा हेच बरं, खोड वितभर रुंद आणि वाऱ्याने हलतं, दोन माणसांचं वजन आलं की वाकतंच. माडाला असं काही का नाही करत?

मीटरबॉक्स
@पोफळकर, एकच विनंती, ज्या बागेवरून वायर गेली आहे तिथे ती काठी उभी करू नका. कार्बन फायबरमधून करंट जातो. फायबर म्हटलं की लोकांना फायबर ग्लास वाटतं आणि निर्धास्त राहतात.

नारळीपाक
@पोफळकर, माडाचा नुसता नारळ काढायचा असता तर चाललं असतं. शेंडा साफ करायला, गेंड्या भुंगा हुकाने काढायला, कोंब कुजला असेल तर औषध घालायला वर जावंच लागतं. पिकलेला नारळ कुठला आणि अडसर कुठलं हे पण खालून नीट दिसत नाही.

@मीटरबॉक्स, तुमचं दोनदा वाचलं, आणि मग पॉवरकट असताना कागदावर काढून बघितलं. दोन पट्ट्यांचा चिमटा माडाला बसेल असं वाटतंय. बुंध्याला फुगवटा असतो तिथे माप खूप बदलतं, पण तिथे पडलं तरी चार फुटांवरून. वर जाताना खोड बारीक होत जातं तसा पट्टा लहान करावा लागेल, एका हाताने.

हिशोबनीस
त्याला बाहेरच्या पट्ट्यात एक अ‍ॅडजस्टर लागेल, दोरी एका बाजूला सरकते आणि दुसऱ्या बाजूला धरते असा. ते मिळतात तयार, दोरीवर चालणारे, ईएन ३५८ चे. तो भाग बनवू नका. मला वाटतं यादी आता अशी होतेय की जोराच्या साखळीतलं सगळं विकत, आणि तुम्ही बनवायचं ते आतली पट्टी खोडाला घट्ट बसावी म्हणून लागणारी बैठक, रबराची किंवा दोरी गुंडाळलेली, ती तुटली तर पट्टा थोडा घसरेल पण सुटणार नाही.

आर्गॉन
म्हणजे माझ्या हाती काहीच काम राहिलं नाही. बरं चाललंय.

टिंगलखोर
आर्गॉनभाऊ, तुम्ही वरून झेलायची जाळी बनवा.

सातासमुद्रापार
हिशोबनीस यांना +१. फक्त वायर कोअरची दोरी वापरा, म्हणजे आत स्टीलची वायर आणि वर दोरीचा कव्हर. हातात कोयता आहे, साधी दोरी एका चुकलेल्या वारात कापली जाते. वायर कोअरनेही कोयत्यापुढे कायम टिकेल असं नाही, वेळ मिळतो एवढंच. आम्ही करवत चालवताना म्हणूनच दोन ठिकाणी बांधलेले असतो, तुम्हीही शेंड्याला पोचलात की एक वेगळी स्लिंग (मजबूत पट्टीचा वेढा) खोडाला आवळून लावा. झावळीच्या देठाला अजिबात नको, जून झावळी हाताने ओढली तरी निघते.

आणि खाऱ्या हवेत स्टेनलेस म्हणून ३०४ ग्रेडचं घेऊन निश्चिंत राहू नका. समुद्राजवळ ३०४ ला आतून चिरा जातात, वरून चकचकीत दिसत असताना. ३१६ बरं, किंवा सरळ गॅल्वनाइज्ड घ्या, ते गंजायला लागलं की दिसतं तरी.

भाऊसाहेब
डॉक्टरांचं वाचलं. मी मजुराच्या बाजूने विचार केला नव्हता हे खरं. पण मग मला सांगा, नारळीपाक स्वतः चढले तर ठीक, उद्या हेच अटॅचमेंट घालून गड्याला वर पाठवलं आणि काही झालं तर? घरी बनवलेलं म्हणून उलट जास्त अंगाशी येईल.

रानजाई
येणारच. त्यासाठी दोन गोष्टी, जो वर जाणार त्याला नीट प्रशिक्षण आणि विमा. मंडळाची 'केरा सुरक्षा' म्हणून माड चढणाऱ्यांसाठी विम्याची योजना आहे, हप्ता फार नसतो, चौकशी करा. आणि गड्याला पट्टा द्यायचा आणि दर माडाचे पैसेही जुनेच द्यायचे हे चालणार नाही, पट्टा लावून काम हळू होतं. तो पट्टा काढून ठेवेल आणि तुम्ही म्हणाल निष्काळजी आहे.

दोरखंड
हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा कोणीतरी.

टेस्टचं राहिलं, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतं. दोन प्रकार करा. एक, नुसतं ओढून बघायचं. चेन ब्लॉक आणि मध्ये लटकवायचा डिजिटल काटा, माडाला कमरेच्या उंचीवर पट्टा लावून खालच्या दिशेला ओढा आणि किती किलोला घसरायला लागतो ते बघा. कोरड्या खोडावर, मग पाणी मारून, मग शेवाळ असलेल्या बाजूला. तुमचा खरा आकडा शेवाळवाला. दोन, पाडून बघायचं. वाळूचं पोतं, १०० किलो, हार्नेससकट, पट्टा माणसाएवढ्या उंचीवर. ढील मुद्दाम जास्त ठेवून सोडा. ज्या नगाला असं पाडलंत तो परत वापरायचा नाही, त्यावर लाल रंग मारून बाजूला ठेवा, नाहीतर उद्या कोणीतरी चांगला दिसतो म्हणून घेऊन चढेल.

आणि डॉक्टरांच्या प्रश्नावर, खाली उतरवायची दोरी आधीच वर लावून ठेवता येते. पहिल्यांदा वर जाताना एक लांब दोरी घेऊन जा, शेंड्याच्या खाली खोडाला आवळलेल्या स्लिंगमधून, कॅरॅबिनर लावून घ्या, एक टोक हार्नेसला आणि दुसरं टोक खालच्या माणसाकडे, त्याच्या हातात ब्रेक धरणारं डिव्हाइस आणि ते शेजारच्या माडाला बांधलेलं. वरचा बेशुद्ध झाला तरी पट्टा सोडवायला कोणीतरी वर जावं लागेल हा त्रास आहेच, त्यामुळे दुसरं मशीन आणि दुसरा चढणारा वाडीत असणं सगळ्यात बरं.

डॉ_पित्तशामक
हेच म्हणायचं होतं. आणि हेल्मेट! हनुवटीला पट्टा असलेलं. नारळ वरून खालच्याच्या डोक्यात पण पडतो.

नारळीपाक
बरं, आता ठरलं ते सांगतो. प्लेट, कॅम, दात, हुक, घरचा पट्टा सगळं रद्द. फुल बॉडी हार्नेस, तीन हालचालींचे कॅरॅबिनर, वायर कोअर दोरी आणि अ‍ॅडजस्टर विकत. बनवणार फक्त आतल्या पट्टीची रबरी बैठक आणि चढताना पट्टा पुढे ढकलायला सोपा जावा म्हणून दोन बाजूंना हँडलं, दोन्ही जोराच्या वाटेबाहेर. @आर्गॉन, काम तुम्हालाच आहे, हँडलं वेल्ड करा, ती तुटली तर मी पाठवीन दुरुस्तीला. पहिल्या अंदाजापेक्षा खर्च वाढला, पण अर्धं बनवायचंच नाही म्हटल्यावर वेळ वाचला. शेजारच्या वाडीतला एक मुलगा रत्नागिरीला प्रशिक्षण घ्यायला तयार आहे, तो आला की दुसरं मशीन.

पाऊस जरा उघडला की पोतं पाडणार. माडाची शेवाळाची बाजू उत्तरेला आहे, तिकडूनच.

कोकणचो_झील
आयतवारी ठेव, माका बगूक येवचा आसा. आणि पोत्यात वाळू भर, भात भरू नको, आवस मारतली.

आर्गॉन
रबर कुठलं लावणार? ट्रकच्या टायरचं घेऊ नका, उन्हात कडक होऊन गुळगुळीत होतं. कन्व्हेअर बेल्टचा तुकडा आहे माझ्याकडे, आतून कापड असलेला, येताना घेऊन येतो.